विनोदी छायाचित्र-जुळणी

दोन किंवा अधिक छायाचित्रांतील भाग एकत्र आणून, प्रत्यक्षात कधीही न घडलेला प्रसंग घडल्यासारखा दाखविणारा व त्यातील विसंगतीमधून हास्य निर्माण करणारा चित्रप्रकार. कात्री, डिंक व पुनर्छायाचित्रण ही त्याची जुनी साधने होत. १९९० नंतर त्यांची जागा प्रामुख्याने संगणकावरील चित्रसंपादनाच्या आज्ञावलींनी घेतली. त्यांपैकी फोटोशॉप ही आज्ञावली इतकी प्रचारात आली, की ‘फोटोशॉप केलेले चित्र’ हा शब्दप्रयोग मराठीतही जुळविलेल्या किंवा बनावट चित्रासाठी रूढ झाला आहे. कलासमीक्षेत छायाचित्रांच्या जुळणीला ‘फोटोमोंताज’ असे व्यापक नाव आहे. तथापि सर्वच फोटोमोंताज विनोदी नसतात आणि सर्वच विनोदी जुळण्या कलाकृतीच्या पदवीला पोहोचत नाहीत. हा प्रकार केवळ करमणुकीचा मानून समीक्षेने त्याच्याकडे बराच काळ दुर्लक्ष केले. परंतु छायाचित्रावरील विश्वास हा आधुनिक समाजव्यवहाराचा एक पाया असल्याने, त्या विश्वासाशी खेळणारा हा विनोद वाटतो तितका निरुपद्रवी नाही आणि उथळही नाही.

स्वरूप : भरताच्या नाट्यशास्त्रात विकृत वेष, विकृत आकार व विसंगत वर्तन ही हास्यरसाची कारणे सांगितली आहेत. एकाचे डोके दुसऱ्याच्या धडावर बसविणे हा या विकृतीचा सर्वांत ढोबळ नमुना होय. मात्र अशी जुळणी प्रत्येक वेळी हसू आणतेच असे नाही. भारतीय चित्रपरंपरेत नऊ प्राण्यांच्या अवयवांचा नवगुंजर आहे, स्त्रियांच्या देहांनी घडविलेला नारीकुंजर आहे. या आकृती पाहून मनात हास्यापेक्षा अद्भुताचा भाव जागा होतो. याचे कारण असे, की रेखाटलेली आकृती आपण प्रत्यक्ष पाहिली होती असा दावा चित्रकार करीत नाही. छायाचित्र मात्र तसा दावा करते. कॅमेऱ्यासमोर काही तरी होते, म्हणूनच ही प्रतिमा उमटली, असे ते गृहीत धरावयास लावते. विनोदी जुळणी हा दावा उसना घेते व त्याच्या बळावर उघड अशक्य गोष्ट सांगते. डोळा साक्ष देतो, बुद्धी ती नाकारते आणि या क्षणिक भांडणातून हसू फुटते.

यावरून या प्रकाराचे दोन निकष निघतात. पहिला निकष कारागिरीचा आहे. प्रकाशाची दिशा, सावल्यांची लांबी, यथादर्शन, रंगच्छटा, चित्रातील कणांची भरड व कडांची तीक्ष्णता या बाबी सर्व भागांत जुळल्या नाहीत, तर डोळा साक्ष देण्यासच तयार होत नाही. दुसरा निकष अर्थाचा आहे. चित्रातील घटना एवढी अशक्य असली पाहिजे, की सामान्य बुद्धीच्या प्रेक्षकाला ती क्षणभरानंतर खरी वाटू नये. थोडक्यात, कागदाचा सांधा झाकलेला आणि अर्थाचा सांधा उघडा, ही उत्तम विनोदी जुळणीची खूण मानता येईल. दोन्ही सांधे झाकले तर ती फसवणूक ठरते. दोन्ही उघडे राहिले तर बहुधा केवळ बालिशपणा उरतो, मात्र बर्लिनच्या दादावाद्यांसारखे समर्थ कलावंत या नियमालाही अपवाद ठरले. मराठी वाचकाला यासंदर्भात ‘आवाज’ या विनोदी दिवाळी अंकातील खिडकीचित्रे आठवतील. खिडकीतून दिसणारा तुकडा मनात एक अपेक्षा उभी करतो आणि पान उलटताच संपूर्ण चित्र ती मोडून टाकते. छायाचित्र-जुळणीत हीच क्रिया पान न उलटता, एकाच दृष्टिक्षेपात घडते.

पूर्वेतिहास : अनेक निगेटिव्हांपासून एक चित्र तयार करण्याची पद्धत गंभीर हेतूने सुरू झाली. स्वीडनमध्ये जन्मलेला व इंग्लंडमध्ये स्थायिक झालेला छायाचित्रकार ऑस्कर रायलँडर (१८१३–७५) याने १८५७ मध्ये तीसहून अधिक निगेटिव्ह वापरून ‘टू वेज ऑफ लाइफ’ हे सद्गुण व दुर्गुण यांचे भव्य रूपकचित्र सिद्ध केले व ते मँचेस्टरच्या कलाप्रदर्शनात मांडले. त्याची एक प्रत व्हिक्टोरिया राणीने विकत घेतली. हेन्री पीच रॉबिन्सन (१८३०–१९०१) याने १८५८ मध्ये पाच निगेटिव्हांतून ‘फेडिंग अवे’ हे मरणासन्न तरुणीचे चित्र तयार केले. जुळणी उघड होताच काही प्रेक्षकांना आपली सहानुभूती फुकट गेल्यासारखे वाटले. छायाचित्राने खरेच सांगितले पाहिजे ही अपेक्षा तेव्हापासूनच दृढ होती, हे त्यावरून दिसते. जुळणीतील विनोदाला आवश्यक असलेली भूमी या अपेक्षेनेच तयार केली.

विनोदाचा पहिला मोठा बहर मात्र छायाचित्रकारांच्या चित्रशाळांपेक्षा घरांच्या दिवाणखान्यांत आला. फ्रान्समधील आंद्रे दिस्देरी (१८१९–८९) याने १८५४ मध्ये भेटकार्डाच्या आकाराच्या छायाचित्रांचे एकस्व घेतले. १८६० नंतर इंग्लंडमधील उच्चवर्गीय घरांत अशा कार्डांचे ढीग जमू लागले. तेथील स्त्रियांनी त्यांतील चेहरे कापून जलरंगांतील चित्रांवर चिकटविले. बदकांच्या गळ्यांवर मैत्रिणींची डोकी, माकडांच्या अंगावर नातेवाइकांचे चेहरे अशी चित्रे केट गॉफसारख्या स्त्रियांच्या वह्यांत आढळतात. ‘प्लेइंग विथ पिक्चर्स’ या प्रदर्शनाद्वारे शिकागो येथील आर्ट इन्स्टिट्यूटने २००९ मध्ये या वह्या लोकांसमोर आणल्या. त्यानंतर फोटोमोंताजचा आरंभ पहिल्या महायुद्धानंतर पुरुष कलावंतांनी केला, हा समज टिकण्यासारखा राहिला नाही. या स्त्रियांचा विनोद सौम्य असला तरी अगदीच निर्हेतुक नव्हता. ज्या समाजात प्रत्येकाने गंभीर मुद्रेने कॅमेऱ्यासमोर बसावयाचे, तेथे त्याच मुद्रेला बदकाचे अंग देणे म्हणजे प्रतिष्ठेची घरगुती थट्टाच होय.

याच काळात जुळणीचा दुरुपयोगही सुरू झाला. अमेरिकेत विल्यम मम्लर (१८३२–८४) हा गिऱ्हाइकांच्या छायाचित्रांत त्यांच्या मृत आप्तांची अंधुक आकृती ‘प्रकट’ करून देत असे. १८६९ मध्ये न्यूयॉर्क येथे त्याच्यावर फसवणुकीचा खटला चालला. सर्कसचालक म्हणून पुढे जगप्रसिद्ध झालेला पी. टी. बार्नम याने त्याच्याविरुद्ध साक्ष दिली. अशी चित्रे किती सहज बनविता येतात हे दाखविण्यासाठी बार्नमच्या मागे अब्राहम लिंकनचे भूत उभे असलेले छायाचित्र मुद्दाम तयार करण्यात आले होते. मम्लर सुटला, परंतु बार्नमचे ते चित्र या प्रकाराच्या इतिहासात महत्त्वाचे ठरते. थाप उघडी पाडण्यासाठी तसलीच पण उघड थाप मारणे, हे विनोदी जुळणीचे एक कायमचे कार्य त्यात प्रथम स्पष्टपणे दिसते.

अतिशयोक्त पोस्टकार्डे : विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत पोस्टकार्डांचे वेड पसरले. १९०३ मध्ये ईस्टमन कोडॅक कंपनीने पोस्टकार्डाच्या आकाराचे छायाचित्र घेणारा कॅमेरा बाजारात आणला आणि १९०७ पासून कार्डाच्या पत्त्याच्या बाजूवरच मजकूर लिहिण्याची मुभा मिळाल्याने दुसरी बाजू संपूर्ण चित्रासाठी मोकळी झाली. कॅन्सस राज्यातील ओटावा या गावचा छायाचित्रकार विल्यम एच. मार्टिन याने १९०८ च्या सुमारास अतिशयोक्त चित्रांची कार्डे छापण्यास सुरुवात केली. गाडीभर होणारे मक्याचे एकच कणीस, माणसाहून उंच हंस, घोड्याएवढा ससा, ओढून नेण्यास कित्येक माणसे लागतील असा मासा, हे त्याचे विषय होते. भूदृश्य व भाजी वा प्राणी यांची छायाचित्रे निरनिराळ्या अंतरांवरून घ्यावयाची, मोठी आकृती कापून दृश्यावर चिकटवावयाची आणि त्या जुळणीचे पुन्हा छायाचित्र घ्यावयाचे, अशी त्याची पद्धत होती. विस्कॉन्सिन राज्यातील वॉपन येथील आल्फ्रेड स्टॅन्ली जॉन्सन (धाकटा) याने हाच धंदा तितक्याच कौशल्याने केला.

या कार्डांना लोणकढी थाप म्हणून सोडून देणे सोपे आहे. परंतु ती ज्या प्रदेशात निघाली तेथे वसाहतीसाठी आलेल्या शेतकऱ्यांना सुपीक भूमीची भरघोस आश्वासने देण्यात आली होती आणि वाट्याला अनेकदा दुष्काळ व टोळधाड आली होती. आश्वासनांची अतिशयोक्ती चित्रात अक्षरशः उतरविली, की ती हास्यास्पद होते. त्याच वेळी दूरच्या आप्तांना आपले बरे चालल्याचे कळविण्याची हौसही भागते. अभिमान आणि उपरोध यांचे हे मिश्रण फार नेमके आहे. १९३० नंतरच्या दशकात कॅन्ससमध्येच फ्रँक कोनार्ड याने टोळधाडीनंतर प्रचंड नाकतोड्यांची कार्डे काढली. माणूस नाकतोड्यावर स्वार झाला आहे, बंदूकधारी शिकारी नाकतोड्याची शिकार मिरवीत आहेत, अशा या चित्रांत पिकाचा नाश करणारा शत्रू विनोदाच्या आटोक्यात आणला आहे. हसणारा व सोसणारा येथे एकच आहे. त्यामुळे हा विनोद कोणालाही दुखवीत नाही आणि स्वस्तही होत नाही.

दादावाद व राजकीय उपहास : पहिल्या महायुद्धानंतर बर्लिनमधील दादावादी कलावंतांनी जुळणीला आक्रमक रूप दिले. हाना होख (१८८९–१९७८), राउल हाउसमान (१८८६–१९७१), गेओर्ग ग्रोस (१८९३–१९५९) व जॉन हार्टफील्ड (१८९१–१९६८) हे त्यांतील प्रमुख होत. आपण चित्रकार नसून यंत्राचे भाग जोडणारे कारागीर आहोत, या भूमिकेतून त्यांनी ‘मोंताज’ म्हणजे जोडणी हा शब्द स्वीकारला. बर्लिन येथे १९२० मध्ये भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय दादा-जत्रेत होखने स्वयंपाकघरातील सुरीने जर्मनीच्या बिअर-पोटी संस्कृतीला छेद देण्याची भाषा शीर्षकातच करणारे मोठे चित्र मांडले. त्यात राजकारणी, सेनानी, नर्तकी, यंत्रचक्रे व मुद्रित अक्षरे यांची रेलचेल आहे. आकारांचे प्रमाण मुद्दाम विस्कटलेले असून कात्रीच्या खुणा लपविलेल्या नाहीत. येथे हास्य एखाद्या प्रसंगातून येत नाही. सत्तेचे गंभीर चेहरे कचऱ्यासारखे इतस्ततः पडलेले पाहून ते येते.

हार्टफील्डने याउलट मार्ग पत्करला. जन्मनाव हेल्मुट हेर्त्सफेल्ड असलेल्या या कलावंताने युद्धकाळातील इंग्रजद्वेषाच्या निषेधार्थ १९१६ मध्ये इंग्रजी नाव घेतले. ‘आरबायटर इलुस्ट्रिर्टे त्साइटुंग’ या कामगारांच्या सचित्र साप्ताहिकासाठी त्याने केलेली मुखपृष्ठे व पृष्ठचित्रे ही या प्रकाराची सर्वोच्च कामगिरी समजली जाते. ऑक्टोबर १९३२ मधील एका मुखपृष्ठावर हिटलरचा अभिवादनासाठी मागे वळलेला पंजा दिसतो आणि त्याच्यामागे उभा असलेला अवाढव्य, बिनचेहऱ्याचा धनिक त्या पंजात नोटा ठेवीत आहे. आपल्या पाठीशी लक्षावधी आहेत या हिटलरच्या घोषणेवरील हा श्लेष आहे. लक्षावधी माणसे की लक्षावधी मुद्रा, असा प्रश्न चित्र विचारते. १९ डिसेंबर १९३५ च्या अंकातील चित्रात एक कुटुंब सायकलीचे भाग व लोखंडी साखळ्या खात आहे आणि तान्हे मूल कुऱ्हाड चघळत आहे. लोखंडाने साम्राज्य बलवान होते, लोण्याने माणसे फार तर लठ्ठ होतात, या ग्योरिंगच्या भाषणाची ही शब्दशः अंमलबजावणी होती. हार्टफील्ड स्वतः छायाचित्रे घेत नसे. हवी तशी छायाचित्रे तो इतरांकडून घेववीत असे व रंगलेपन आणि ग्रॅव्हूर मुद्रण यांच्या साहाय्याने सांधे बुजवीत असे. कागदाचा सांधा नाहीसा झाल्याने अर्थाचा सांधा अधिकच बोचतो.

या विनोदाची किंमत त्याला मोजावी लागली. नाझी सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये तो प्रागला निसटला. तेथील १९३४ च्या आंतरराष्ट्रीय व्यंगचित्र प्रदर्शनातील त्याच्या चित्रांविरुद्ध जर्मन वकिलातीने निषेध नोंदविला. १९३८ मध्ये त्याला इंग्लंड गाठावे लागले. या चित्रांनी हिटलरला रोखले नाही, हे खरेच आहे. परंतु विनोदाचे यश त्याने उलथविलेल्या सत्तांच्या संख्येवर मोजणे योग्य नाही. ज्या काळात सत्तेच्या प्रतिमा सर्वत्र पूज्य म्हणून लावल्या जात होत्या, त्या काळात त्या प्रतिमांकडे पाहण्याची दुसरी दृष्टी त्याने शिल्लक ठेवली, हे त्याचे खरे योगदान होय.

उपहासाचा रोख नेहमी राजकारणावरच असतो असे नाही. जर्मनीतून अर्जेंटिनात गेलेल्या ग्रेटे स्टर्न (१९०४–९९) या छायाचित्रकार स्त्रीने १९४८ ते १९५१ या काळात ‘इदिलिओ’ या स्त्रियांच्या नियतकालिकासाठी वाचकांच्या स्वप्नांवर आधारित जुळण्या केल्या. त्यांतील एकीत स्त्री ही मेजावरील दिव्याची बैठक झाली असून पुरुषाचा प्रचंड हात तो दिवा लावण्यासाठी पुढे आला आहे. चित्र क्षणभर गमतीचे वाटते आणि नंतर बेचैन करते. पुढे ब्रिटनमधील पीटर केनार्ड (जन्म १९४९) याने १९८० मध्ये कॉन्स्टेबलच्या प्रसिद्ध निसर्गचित्रातील गवताच्या गाडीवर क्रूझ क्षेपणास्त्रे ठेवली. आपल्या शांत ग्रामीण भूमीत अण्वस्त्रे येणार, ही वृत्तपत्रांत वाचून अंगवळणी पडलेली बातमी त्यामुळे प्रथमच डोळ्यांना खुपली.

संगणकीय जुळणी : मिशिगन विद्यापीठातील संशोधक विद्यार्थी टॉमस नॉल याने १९८७ मध्ये संगणकाच्या पडद्यावर करड्या छटांची चित्रे दाखविणारी एक आज्ञावली लिहिली. चित्रपटांतील दृश्यचमत्कारांच्या क्षेत्रात काम करणारा त्याचा भाऊ जॉन याच्या सहकार्याने ती वाढविण्यात आली आणि फेब्रुवारी १९९० मध्ये अडोबी कंपनीने ती फोटोशॉप या नावाने मॅकिंटॉश संगणकांसाठी प्रसृत केली. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत ‘थर’ ही सोय आली. जुळणीच्या दृष्टीने ही सर्वांत मोठी क्रांती होती. प्रत्येक तुकडा स्वतंत्र पारदर्शक थरावर ठेवता आल्याने तो हलविणे, लहानमोठा करणे, पुसणे किंवा पुन्हा आणणे शक्य झाले. कात्रीची चूक दुरुस्त होत नसे. येथे कोणतीच चूक अंतिम उरली नाही. २०१० च्या आवृत्तीत रिकामी जागा सभोवतालच्या पोतानुसार आपोआप भरण्याची, तर २०२३ मध्ये लेखी सूचनेवरून नवी आकृती निर्माण करण्याची सोय त्यात आली.

या सुलभतेचे परिणाम दुहेरी झाले. एकीकडे पूर्वी छापखाना व अंधारखोली यांच्या मालकांपुरती असलेली कला कोणाही हौशी माणसाच्या हाती आली. नवी प्रतिमा मिळताच काही तासांत तिचे शेकडो विनोदी अवतार निघू लागले. २० जानेवारी २०२१ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीला लोकरी हातमोजे घालून, हातांची घडी करून बसलेले सिनेटर बर्नी सँडर्स यांचे छायाचित्र जगभरच्या असंख्य चित्रांत व प्रसंगांत नेऊन बसविण्यात आले. त्यांची अलिप्त मुद्रा कोणत्याही समारंभाच्या थाटाला आपोआप टोचणी लावी, हे त्या विनोदाचे मर्म होते. दुसरीकडे परिश्रम कमी झाल्याने निवडही कमी झाली. मार्टिनला एका कार्डासाठी प्रकाश, अंतर व आकार यांचा आधी विचार करावा लागे. आता विचाराआधीच चित्र तयार होते. मूळ छायाचित्राच्या स्वभावातून निघालेली जुळणी व त्याच्यावर कसाही चिकटविलेला चेहरा यांतील फरक त्यामुळे अनेकांच्या लक्षात येईनासा झाला. केनार्ड व कॅट फिलिप्स यांनी २००५ मध्ये केलेली ‘फोटो ऑप’ ही जुळणी या दृष्टीने अभ्यसनीय आहे. तिच्यात ब्रिटनचे तत्कालीन पंतप्रधान टोनी ब्लेअर तेलाच्या प्रचंड आगीसमोर उभे राहून हसतमुखाने स्वतःचे छायाचित्र घेत आहेत. ब्लेअर यांच्या मुद्रेत काहीही बदल केलेला नाही. निवडणूक प्रचारातील त्यांचे हसू केवळ दुसऱ्या जागी नेले आहे. कमीत कमी फेरफारातून जास्तीत जास्त अर्थ, हे तिचे सामर्थ्य होय.

थट्टा व थाप : अर्थाचा सांधा पुरेसा उघडा नसेल तर थट्टेची थाप होते. १ एप्रिल १९३३ रोजी विस्कॉन्सिनमधील ‘कॅपिटल टाइम्स’ या वृत्तपत्राने राज्याच्या विधानभवनाचा घुमट कोसळल्याचे जुळविलेले छायाचित्र छापले व सदस्यांच्या लांबलचक भाषणांतून साचलेल्या वायूचा स्फोट हे त्याचे कारण दिले. मजकूर वाचणाऱ्यास थट्टा तत्काळ कळत होती. केवळ चित्र पाहणारे मात्र रागावले. २००१ मध्ये ई-मेलद्वारे जगभर फिरलेल्या एका चित्रात हेलिकॉप्टरला लोंबकळणाऱ्या सैनिकावर झेप घेणारा शार्क मासा होता. सॅन फ्रॅन्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाजवळ घेतलेले हेलिकॉप्टरचे छायाचित्र व दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील शार्कचे छायाचित्र यांची ती जुळणी होती. चित्रासोबत ते नॅशनल जिऑग्राफिकचे उत्कृष्ट छायाचित्र असल्याची बतावणी फिरत राहिल्याने त्या संस्थेला खुलासा करावा लागला. त्याच मासिकाने फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठासाठी गीझा येथील पिरॅमिड संगणकाच्या साहाय्याने एकमेकांजवळ आणले होते आणि त्याबद्दल टीका ओढवून घेतली होती, हा योगायोग बोधप्रद आहे. शार्कच्या चित्राने कोणाचे नुकसान केले नाही. तरी चित्राचा कर्ता, काळ व हेतू त्याच्यापासून सुटले, की तेच चित्र पुराव्याचे सोंग कसे घेते, हे त्याने दाखविले.

भारतीय संदर्भ : भारतातील छायाचित्रशाळांत दुहेरी छापणीने एकाच व्यक्तीची दोन रूपे शेजारीशेजारी बसविण्याची, रंगविलेल्या विमानातून वा चंद्रकोरीवरून गिऱ्हाइकाचे छायाचित्र घेण्याची प्रथा जुनी आहे. जत्रेतील छायाचित्रकाराकडे जाणाऱ्या माणसाला आपण विमानात बसलो नाही हे पक्के ठाऊक असते आणि चित्र पाहणाऱ्या गावालाही. या परस्परसंमत असत्यात जो निर्मळ आनंद आहे तो या प्रकाराच्या मुळाशी आहे. महाराष्ट्रातील चौकाचौकांत लागणाऱ्या वाढदिवसाच्या फलकांवरील जुळण्या मात्र वेगळ्या कोटीतील होत. मध्यभागी उत्सवमूर्ती, वरच्या बाजूस क्रमवारीने नेते, तळाशी पदांनुसार लहान होत जाणारे शुभेच्छुकांचे चेहरे आणि क्वचित मागे एखादा वाघ, अशी त्यांची रचना असते. कर्त्याचा हेतू गौरवाचा असतो. निरनिराळ्या प्रकाशांत घेतलेले हे चेहरे एकाच आकाशात तरंगताना पाहून हसू येते, पण ते हेतुपूर्वक केलेल्या विनोदाचे नव्हे. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईतील पुराची विमानातून पाहणी करणाऱ्या पंतप्रधानांच्या छायाचित्रात खिडकीबाहेरचे दृश्य जुळवून बसविलेली एक आवृत्ती केंद्र शासनाच्या पत्र सूचना कार्यालयाने प्रसृत केली व टीकेनंतर काढून टाकली. त्यानंतर लोकांनी त्याच खिडकीत नाना दृश्ये बसविली. शासकीय जुळणीला विनोदी जुळणीने दिलेले ते उत्तर होते आणि मम्लरला बार्नमने दिलेल्या उत्तराशी त्याचे नाते स्पष्ट आहे.

या विनोदाविषयी असहिष्णुतेची उदाहरणेही भारतात आहेत. एप्रिल २०१२ मध्ये कोलकात्यातील एका प्राध्यापकाला, मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांच्यावरील छायाचित्रांची व्यंग्यात्मक जुळणी ई-मेलने पुढे पाठविल्याबद्दल अटक झाली. सत्यजित राय यांच्या ‘सोनार केल्ला’ या चित्रपटातील प्रसंगाचा त्या जुळणीत विनोदी उपयोग केलेला होता. ज्या ६६ अ या कलमाचा तेव्हा आधार घेण्यात आला, ते माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरविले. तरीही त्या प्राध्यापकाची प्रकरणातून मुक्तता होण्यास जानेवारी २०२३ उजाडला. मे २०१९ मध्ये त्याच मुख्यमंत्र्यांचा चेहरा एका अभिनेत्रीच्या छायाचित्रावर बसविलेली जुळणी प्रसृत केल्याबद्दल विरोधी पक्षाच्या एका कार्यकर्तीला अटक झाली व सर्वोच्च न्यायालयाकडून तिला जामीन मिळवावा लागला. दुसरी जुळणी विनोद म्हणून सामान्य होती, असे कोणी म्हणेल. परंतु सामान्य विनोदाची शिक्षा हसू न येणे एवढीच असावी, तुरुंग नव्हे.

मूल्यमापन : विनोदी जुळणीचा नैतिक कस तिच्या विषयावरून लागतो. ज्यांची प्रतिमा स्वतःच्या इच्छेने सार्वजनिक झाली आहे व जे तिच्या बळावर सत्ता वा प्रतिष्ठा मिळवितात, त्यांच्या प्रतिमेला दिलेला धक्का हा समाजाच्या हक्काचा भाग होय. सामान्य माणसाचा चेहरा त्याच्या नकळत उचलून त्याला हास्यविषय करणे यास तोच युक्तिवाद लागू पडत नाही. स्त्रियांचे चेहरे अश्लील चित्रांवर बसविण्याचा जो प्रकार सर्रास आढळतो, त्याला विनोद म्हणणे हा विनोद या शब्दाचा अपमान आहे. तेथे विसंगतीतून कोणताही अर्थ निघत नाही. उरते ती केवळ इजा. बदकाच्या अंगावर मैत्रिणीचे डोके लावणाऱ्या स्त्रीला आपली वही त्या मैत्रिणीसमोर उघडता येत होती. विषय झालेल्या व्यक्तीसमोर ठेवता येईल काय, किंवा ती सत्ताधारी असल्यास तिच्यासमोर ठेवण्याचे धैर्य त्यात आहे काय, ही कसोटी आजही पुरेशी आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने संपूर्ण प्रतिमाच निर्माण करण्याची साधने आल्यापासून या प्रकारापुढे निराळा प्रश्न उभा आहे. जुळणीतील तुकडे कोठून तरी आलेले असतात आणि ते मूळ ओळखण्यात निम्मे हसू असते. ब्लेअर यांचे ते हसू खरेच कोणी तरी टिपले होते, म्हणून ते आगीसमोर भयंकर वाटते. निर्माण केलेल्या प्रतिमेत असे उसने घेतलेले वास्तव ओळखता येत नाही. तिच्यात सर्वच शक्य असल्याने काहीच अशक्य उरत नाही, आणि अशक्याची जाणीव संपली, की अतिशयोक्तीही संपते. घोड्याएवढा ससा पाहून कॅन्ससचा शेतकरी हसला, कारण छायाचित्रे सहसा खोटे बोलत नाहीत अशी त्याची समजूत होती. प्रत्येक छायाचित्राविषयी आधीच संशय बाळगणाऱ्या प्रेक्षकाला तो ससा नुसताच एक मोठा ससा दिसेल. म्हणून छायाचित्राची विश्वासार्हता जपण्यात वार्ताहर व इतिहासकार यांच्याइतकाच विनोदकाराचाही स्वार्थ आहे. खऱ्याला मान असेल तेथेच उघड खोट्याला हसता येते.